जोडलेले आकाश खोटे कसे?

आकाशाच्या छायाचित्रांविषयी आपल्याकडे एक विचित्र सोवळेपण बोकाळले आहे. एका दमात टिपले तेवढे अस्सल. संगणकावर दोन-चार एक्स्पोजर जोडून सिद्ध केले ते बनावट! मध्यंतरी एका प्रदर्शनाच्या नियमपत्रिकेत ‘एकाहून अधिक छायाचित्रांच्या संयोगातून केलेली चित्रे अपात्र’ असे कलम वाचले, आणि त्याच दालनात मृगातील तेजोमेघाचे, मध्यभाग पांढराफटक पडलेले चित्र पारितोषिकाच्या चिठ्ठीसह टांगलेले पाहिले. म्हणजे चित्राचा गाभाच नाहीसा झाला तरी चालेल, पण हात लावलेला नको.

या तेजोमेघाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या पोटात चार ताऱ्यांचा एक इवलासा चौकोन आहे. ट्रॅपेझियम म्हणतात त्याला. लहानशा दुर्बिणीतूनही डोळ्याला ते चार ठिपके आणि भोवतीचे धूसर पंख एकाच वेळी दिसतात. कॅमेऱ्याला ते जमत नाही. पाच मिनिटांचे एक्स्पोजर दिले तर पंख उमलतात, पण तारे प्रकाशात बुडून जातात. पाच सेकंदांचे दिले तर तारे सुटे दिसतात आणि पंख गळतात. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटे काच उघडी ठेवून या मेघाचे पहिले छायाचित्र घेतले. तेव्हापासून ही अडचण छायाचित्रकाराच्या मानगुटीवर बसलेली आहे. मग यातले खरे एक्स्पोजर कोणते? पाच मिनिटांचे की पाच सेकंदांचे? सोवळ्यांनी याचे उत्तर द्यावे.

जोडणारा करतो काय, हेही पाहावे. पाच सेकंद, तीस सेकंद आणि पाच मिनिटे अशी तिन्ही चित्रे तो ताऱ्यांवर तारे बसवून फोटोशॉपसारख्या प्रणालीत थरांनी रचतो. दीर्घ चित्राच्या स्वतःच्याच उजळपणावरून एक मुखवटा तयार करतो, त्याच्या कडा मऊ करतो, आणि जिथे प्रकाश ओसंडून गेला आहे तेवढ्याच जागी खालचे अल्पकालीन चित्र दिसू देतो. प्रत्येक कण आकाशाच्या त्याच बिंदूकडून आलेला असतो. पांढऱ्या डागात माहिती नव्हतीच. ती आता तिथे आली. यात लबाडी ती कुठे?

‘पण डोळ्याला असे दिसत नाही’, हा पुढचा आक्षेप. मान्य! पण डोळ्याला तो मेघ तांबडाही दिसत नाही. हायड्रोजनचा तो तांबडा रंग पारितोषिकप्राप्त चित्रातही होताच. डोळा हेच प्रमाण मानायचे, तर सगळे दीर्घ एक्स्पोजर बाद करावे लागेल.

शिवाय ही काही संगणकाने आणलेली फॅशन नव्हे. १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणाची छायाचित्रे दक्षिण भारतात, बेकल आणि उटकमंड येथे घेतली गेली. त्या अनेक काचा समोर ठेवून वेस्ली यांनी प्रभामंडलाचे एकच रेखाचित्र सिद्ध केले. त्यांना पर्याय नव्हता. सूर्यबिंबाच्या कडेपासून काही त्रिज्या दूर जाईतो प्रभामंडलाचे तेज हजारपटीहून अधिक घटते. एका काचेत ते मावणार कसे? ब्रनोचे गणितज्ञ मिलोस्लाव्ह द्रुकम्यूलर आज डझनावारी एक्स्पोजर जुळवून तेच काम करतात आणि सौरभौतिकीचे अभ्यासक त्यांची चित्रे अभ्यासासाठी वापरतात. (२२ जुलै २००९ ची सावली बडोदे-इंदुरावरून गेली, पण पावसाळ्याच्या ढगांनी जोडण्यासारखे फारसे काही हाती लागू दिले नाही.)

खोटेपणा आहे, पण तो दुसरीकडे. देवळाच्या शिखरामागे परातीएवढा चंद्र चिकटवलेली चित्रे घरोघर फिरतात. चंद्राचा व्यास आकाशात जेमतेम अर्धा अंश. २४ मिलिमीटरच्या भिंगातून पूर्ण आकाराच्या संवेदकावर तो चित्राच्या रुंदीच्या दीडशेव्या भागाहूनही लहान पडतो. एका जागचे आकाश दुसऱ्या जागेवर बसवणे ही वेगळी कला आहे. गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात एका काचेवरचा समुद्र आणि दुसरीवरचे ढग जोडले, क्वचित तेच ढग दोन समुद्रांवर वापरले. चित्रे देखणी आहेत, पण त्या दिवशी तिथे तेच ढग होते अशी साक्ष ती देत नाहीत. नियमपत्रिकेतले ते कलम मात्र मुखवटेवाल्याला आणि चंद्र चिकटवणाऱ्याला एकाच फटक्यात बाद करते, आणि प्रत्यक्षात बाद होतो तो फक्त ‘तीन चित्रे जोडली’ असे प्रामाणिकपणे लिहिणारा. न लिहिणारा आत शिरतो.

जोडणाऱ्यांची बाजू घेताना त्यांचे सगळे लाड करावेत असे नाही. गाभा इतका दाबायचा की तो पंखांहूनही मंद दिसावा, ताऱ्यांभोवती काळी कडी उठावीत, हा अडाणीपणाच. जे अधिक उजळ ते चित्रातही अधिक उजळच राहिले पाहिजे. तेजाचा क्रम उलटला की मग आक्षेपकांचे म्हणणे खरे ठरते.

परीक्षकांनी मागायचे ते हे : प्रत्येक एक्स्पोजरचा कालावधी, स्थळ, वेळ, मूळ फाइली, आणि सर्व भाग एकाच दिशेचे, एकाच जागी राहून घेतलेले आहेत का, याचे लेखी उत्तर. २० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाची सावली लडाखवरून जाईल. आज शाळेत असलेली मुले तेव्हा कॅमेरे घेऊन तिथे असतील, आणि प्रभामंडल आणायचे तर त्यांना एक्स्पोजर जोडावीच लागतील. कलम बदलायला एक ओळ पुरते. पुढच्या नियमपत्रिकेत ती यावी.