ओढलेला सूर

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने चष्मा घ्यावा, विम्याचा हप्ता वेळेवर भरावा आणि जमल्यास पहाटे फिरायला जावे. माउथऑर्गन मात्र घेऊ नये, असे आमच्या हिचे स्पष्ट मत आहे. मी तो घेतला. तोही 'शोले'तल्या जयसारखी एखादी गोड धून वाजवायला नव्हे, तर ब्लूज वाजवायला!

"ब्लूज म्हणजे काय हो?" हिने विचारले.

"अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांनी आपल्या दुःखाचे केलेले गाणे."

"म्हणजे रडगाणेच ना? मग त्याला शिकवणी कशाला?" असे म्हणून ही चकल्यांकडे वळली.

शिकवणीची हकीकत अशी. आम्ही खराडीला राहायला आलो तेव्हा शेजारपाजारी सगळी संगणकाच्या कचेऱ्यांत जाणारी तरुण मंडळी. त्यांच्यात मराठीच्या प्राध्यापकाला कोण विचारतो? एका रविवारी आमच्या इमारतीच्या गच्चीवरून विलक्षण सूर ऐकू आले. कुणी हुंदका आवरत बोलावे तसे. वर गेलो तर वाजवणारा चटकन उठून उभा राहिला. "सर, तुम्ही!"

मी त्याला ओळखले, आणि ओळखले नसते तर बरे, असे वाटले. आठेक वर्षांपूर्वी हा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे. एकदा कविता मोठ्याने वाचताना वृत्तात अडखळला, तेव्हा मी सर्वांदेखत म्हणालो होतो, "बाबा रे, तुझ्या कानांत बोळे आहेत. हा विषय तुझा नव्हे." वर्ग खो खो हसला. पुढच्या वर्षी त्याने मराठी सोडले.

त्या बोळे घातलेल्या कानांचा मी आता शिष्य झालो.

वाद्य पाहावे तर खिशात मावणारे. दहा छिद्रे, प्रत्येकात फुंकण्याचा एक सूर आणि ओढण्याचा एक. जर्मनीतल्या होनर कंपनीने 1896 साली 'मरीन बँड' नावाचा माउथऑर्गन काढला, तो साध्यासुध्या लोकगीतांसाठी. अमेरिकेतल्या गरीब कृष्णवर्णीय वादकांनी तो उलटा करून टाकला. पांढरी एकचा माउथऑर्गन घ्यायचा आणि षड्ज मानायचा त्याच्या पंचमाला! मग महत्त्वाचे सूर फुंकण्यात नव्हे, ओढण्यात येतात, आणि कोमल निषाद आयताच मिळतो. आपला खमाज थाटच म्हणा ना! राहिला गंधार. ब्लूजचा सारा जीव त्यात. तो धड शुद्ध नाही, धड कोमल नाही, दोहोंच्या मधे कुठेतरी घुटमळणारा. तो वाद्यात नसतोच. वादकाने सूर खाली वाकवून तो काढायचा.

इथे मला आपली पेटी आठवली. तिला मींड येत नाही म्हणून 1940 ते 1971 अशी तब्बल एकतीस वर्षे आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले. तिच्याच जातीच्या, धातूच्या पट्ट्यांवर बोलणाऱ्या या चिमुकल्या बहिणीला मात्र मींड येते! शिकागोच्या लिटल वॉल्टरने 1952 साली 'ज्यूक' वाजवले आणि ते लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले, ते या वाकवलेल्या सुरांच्या बळावर.

गाण्याचा साचाही ओळखीचा वाटला. बारा आवर्तने. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीने उत्तर द्यायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या गाणाऱ्या बायाही ओळ अशीच घोळवतात. कष्ट करणाऱ्याला एकदा सांगून भागत नाही. ऐकणारे कुणी नसते, म्हणून तो स्वतःलाच दुसऱ्यांदा सांगतो.

हे सारे समजले. सूर मात्र वाकेना. चौथ्या छिद्रापासून सुरुवात केली. तीन आठवडे मी छाती फुटेस्तोवर ओढत होतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी "तुमचा दमा कसा आहे?" अशी आस्थेने चौकशी केली. शेवटी मी वाद्य खाली ठेवले. म्हटले, "जाऊ दे रे. हा विषय माझा नव्हे."

बोललो आणि जीभ चावली. तो माझ्याकडे पाहत होता. बदला घ्यायला याहून चांगली संधी कुणाला मिळाली असती?

"सर," तो म्हणाला, "जोर लावल्यावर पट्टी घुसमटते. श्वास हलका ठेवा. फक्त जीभ मागे घ्या, तोंडात जागा करा. सूर आपोआप खाली येतो."

मी जागा केली. चौथ्या छिद्रातला पंचम कण्हला, डगमगला आणि हळूच तीव्र मध्यमावर उतरला. क्षणभरच, पण उतरला!

"त्या दिवशी वर्गात मी तुला..." मी सुरुवात केली.

"आठवतं, सर. मला वाटलं होतं, तुम्हीच विसरला असाल."

पुढे काय बोलावे, ते मला सुचेना. बावीस वर्षे शब्दांवर पोट भरणारा माणूस मी!

"पुन्हा एकदा घ्या, सर," तो म्हणाला. "चौथं छिद्र. सावकाश."