बैल गेला अन् झोपा केला, हे आता पुरे



पावसाळ्याच्या दिवसांत आपल्याकडे एक दृश्य हमखास दिसतं. फाट्यावर एखादा माणूस उभा असतो. डोक्याला रुमाल, हातात तुटकं दावं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो एकच विचारतो, "भो, मनी म्हैस दखी का कोठे?" आपण मान हलवतो आणि पुढे निघतो. त्याचं पुढे काय झालं, म्हैस सापडली की नाही, हे विचारायला आपल्याला सवड नसते. उद्या त्याच फाट्यावर आपल्याला उभं राहावं लागेल, हे मात्र ध्यानात राहत नाही.

जनावर हरवणं ही छोटी बाब नाही. बागायतदाराचं एखादं जनावर गेलं तर तो हळहळतो. पण ज्याचं सगळं घर एका दुभत्या म्हशीवर चालतं, त्याचा रोजचा बाजारच थांबतो. बैलजोडीतला एक बैल गेला तर दुसराही कामातून जातो, कारण एका बैलाने कोळपणी होत नाही.

मागल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. तापीकाठच्या एका गावी शेतमजुरी करणाऱ्या एका बाईची म्हैस रात्री दावं तोडून गेली. दुसऱ्या वेताची, सहा-सात लिटर दूध देणारी म्हैस. बाई आणि तिचा पोरगा चार दिवस नाले, केळीचे बाग, नदीकाठ पालथा घालत होते. आणि म्हैस शेजारच्या तालुक्यातल्या एका कोंडवाड्यात उभी होती. तिच्या कानात पिवळा बिल्ला होता. नंबर तपासला तेव्हा नाव निघालं जुन्या मालकाचं. बाईने वर्षापूर्वी बाजारातून म्हैस घेतली, पैसे मोजले, पण बिल्ल्यावरचं नाव बदलून घ्यायचं तिला कोणी सांगितलंच नाही. जुना मालक भला माणूस निघाला. त्याने दलालाला फोन केला, दलालाने बाईच्या गावच्या दूधवाल्याला, आणि पाचव्या दिवशी म्हैस घरी आली. पण चार दिवस धार काढलेली नव्हती. कास दगडासारखी झाली होती आणि एक सड कायमचा गेला.

त्या बाईने मला विचारलं, "साहेब, बिल्ला व्हता ना कानमा, मग चार दिन काबर लागनात?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजचा हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी बिल्ल्याचं समजून घेऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि त्यासोबत जनावरांच्या कानात बारा अंकी नंबरचे बिल्ले मारायचं काम गावोगाव पोचलं. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायला मनाई झाली. तरीही अनेक गोठ्यांत "कान पिकतो" किंवा "सरकार मोजून नेईल" म्हणून बिल्ला नको असं ऐकू येतं. कान पिकू शकतो, हे खरं आहे. म्हणून चार दिवस लक्ष ठेवावं, माशी बसू देऊ नये, सूज दिसली तर दवाखान्यात सांगावं. पण एक नीट समजून घ्या. बिल्ला जनावर कुठे आहे ते सांगत नाही, जनावर कोणाचं आहे ते सांगतो. आणि तेही कागदोपत्री नाव बरोबर असेल तरच. बाजारातून जनावर आणलं की आठ दिवसांच्या आत पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मालकाचं नाव आणि मोबाईल नंबर बदलून घ्या. सावद्याच्या बाजारातून घ्या की धुळ्याच्या, पावती जपून ठेवा. त्या बाईचे चार दिवस इथेच गेले.

आता कोंडवाड्याचं. हा शब्द नव्या पिढीला फारसा माहीत नाही आणि बऱ्याच गावी कोंडवाड्याच्या नुसत्या भिंती उरल्यात. पण त्यामागचा कायदा इंग्रजांच्या काळातला, १८७१ सालचा आहे. पिकात शिरलेलं जनावर धरलं तर चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं, असं त्यात सांगितलंय. त्या वेळी म्हशीला आठ आणे आणि बैलाला चार आणे दंड होता. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची, आणि तरीही कोणी आलं नाही तर लिलाव. लिलावाची उरलेली रक्कमसुद्धा मालकासाठी तीन महिने राखून ठेवायची. दीडशे वर्षांपूर्वी, फोन नव्हता तेव्हा, दवंडीची सोय होती. आज घरटी फोन आहे आणि दवंडी नाही! दंडाचे आकडे आणि मुदती आता ठिकठिकाणी निराळ्या असतील, पण तुमच्यासाठी अर्थ एकच: कोंडवाड्यातल्या जनावराला मुदत असते. म्हणून आधी आजूबाजूचे कोंडवाडे पाहा, नाले नंतर.

शोध कसा घ्यावा, याचाही एक क्रम आहे. जनावर उगाच कुठेही जात नाही. म्हैस पाण्याकडे जाते. शेळी दुसऱ्या शेळ्यांच्या आवाजाकडे जाते. बाजारातून नुकताच आणलेला बैल जुन्या मालकाच्या वाटेला लागतो. माजावर आलेली गाय-म्हैस वळूच्या किंवा रेड्याच्या मागे जाते, आणि माज साधारण एकवीस दिवसांनी येतो. म्हणून माजाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली तर त्या रात्री दावं दुहेरी बांधता येतं. घरी वासरू किंवा पारडू असेल तर त्याला सोबत घेऊन शोधायला जा. त्याचं ओरडणं आई लांबून ओळखते. लग्नाच्या किंवा दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरलेलं जनावर मात्र दिशा धरत नाही. तिथे माणसं जास्त लागतात.

पहिले काही तास मोलाचे. सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल यांना सांगा. दूध डेअरीवर सांगा, कारण सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव तिथे येतं. गुराख्यांना आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलारी बांधवांना सांगा. रानाची खबर त्यांच्याइतकी कोणालाच नसते. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, आणि शिरपूर ओलांडलं की सेंधवा म्हणजे मध्य प्रदेश. टेम्पोत चढलेलं जनावर एका रात्रीत दुसऱ्या राज्यात जातं. त्यामुळे चोरीचा संशय असेल तर "दोन दिवस वाट पाहू" म्हणू नका. त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. तक्रारीत बिल्ल्याचा नंबर, शिंगांची ठेवण, भोवरा, डाग लिहा आणि फोटो जोडा.

जंगलालगतच्या गावांनी आणखी एक करावं. यावल, रावेर, चोपड्याचा सातपुडा असो की चाळीसगावकडचा गौताळ्याचा डोंगर, रात्र बाहेर राहिलेलं जनावर बिबट्याच्या तोंडी जाऊ शकतं. तसं झालंच तर मृत जनावर हलवू नका. अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. उशीर झाला किंवा जागा बदलली तर भरपाई अडते.

जनावर सापडलं म्हणजे काम संपलं असं नाही. आधी पोट पाहा. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी किंवा तिचे फुटवे खाल्ले असतील तर विषबाधा मिनिटा-मिनिटाने वाढते. फवारलेल्या कपाशीत शिरलं असेल तरी धोका आहे. जनावर थरथरतंय, धाप लागलीय, पोट फुगलंय, असं दिसलं तर घरगुती औषधात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. दुभत्या जनावराची कास तपासा. आणि आल्या-आल्या इतर गुरांत सोडू नका, काही दिवस वेगळं बांधा. ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पीची लागण रावेर तालुक्यातल्या चिनावलला दिसली आणि पुढे बाजार बंद ठेवावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

आता ज्याच्या रानात परकं जनावर येतं, त्याच्याशी दोन शब्द. पीक खाल्लं की राग येणारच, आणि तो रास्त आहे. भरपाई मागा, कोंडवाड्यात घाला. पण दगड मारून पाय मोडू नका आणि गुपचूप महामार्गाकडे हाकलू नका. रात्री महामार्गावर उभं राहिलेलं जनावर स्वतः मरतं आणि मोटारसायकलवाल्यालाही घेऊन जातं. आणि काही जण "दारात आलेली लक्ष्मी" म्हणून दुसऱ्याची गाय बांधून ठेवतात. ती लक्ष्मी कोणाच्या तरी घरून आलेली असते. मालक शोधता येत असताना ती ठेवून घेणं हासुद्धा गुन्हा आहे.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी. तिच्या एका पानावर हरवलेली जनावरं आणि समोरच्या पानावर सापडलेली. तारीख, बिल्ल्याचा नंबर, खूण, फोन. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून एरवी इतक्या सूचना होतात, त्यात रोज संध्याकाळी हीही एक व्हावी. कोंडवाड्यात पाणी, सावली आणि धार काढायला माणूस असावा. आणि शेजारच्या गावांच्या ग्रामसेवकांनी या नोंदी एकमेकांना कळवाव्यात. याला ना मोठा निधी लागतो ना नवी योजना. अशी वही त्या दोन गावांत असती तर ती म्हैस दुसऱ्याच दिवशी घरी आली असती, चारही सड शाबूत घेऊन.

'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण आपण दुसऱ्याला हसण्यासाठी वापरतो. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. येत्या पोळ्याला शिंगं रंगवाल, झूल घालाल, तेव्हा आणखी तीन कामं करा. जनावराचा दोन्ही बाजूंनी आणि तोंडाचा फोटो काढा. बिल्ल्याचा नंबर घराच्या भिंतीवर लिहा. आणि जुनं दावं बदला. नैवेद्य दाखवून झाल्यावर या तीन कामांना पाव तास पुरतो.

आणि फाट्यावर कोणी "म्हैस दखी का?" म्हणून विचारलं, तर पुढे निघण्याआधी गाडी थांबवा. खूण विचारा आणि त्याचा फोन नंबर लिहून घ्या.