केले कोणी, करविले कोणी?

दोष तीन वाटांनी घडतो, असे जैन आचारशास्त्र सांगते. माणूस तो स्वतः करतो, दुसऱ्याकडून करवून घेतो किंवा दुसऱ्याने केलेल्याला मनातून संमती देतो. कृत, कारित आणि अनुमोदित या नावांनी ही त्रयी घराघरांत परिचित आहे. गृहस्थाच्या सामायिक-प्रतिज्ञेतही ‘करणार नाही’ याच्या जोडीला ‘करविणार नाही’ हे वचन असते. आसनावर बसून उच्चारलेल्या या दुसऱ्या वचनाची कसोटी लागते ती दुकानात, गोदामात आणि कार्यालयात. जिथे एकाच्या शब्दावर दहा माणसे काम करतात, तिथे मालकाने स्वतः केलेल्या गोष्टी थोड्या आणि करविलेल्या गोष्टी पुष्कळ असतात.

व्यापारी कुटुंबांतील कितीतरी वडीलधारी माणसे स्वतः सचोटीने वागतात. दिलेला शब्द पाळतात, कोणाची देणी बुडवीत नाहीत, दानधर्मात हात आखडता घेत नाहीत. तरीही कधी कधी त्यांच्याच पेढीवर जुना माल नवा म्हणून खपविला जातो, बिलाची तारीख मागेपुढे होते, परत आलेली वस्तू पुन्हा बांधून दुसऱ्या ग्राहकाच्या हाती दिली जाते. प्रकरण उघडकीस आले की मालक म्हणतात, ‘‘मला यातले काहीच ठाऊक नव्हते.’’ हे म्हणणे खरेही असू शकते. पण मग प्रश्न उरतो तो असा की, जे घडत होते ते मालकाच्या कानापर्यंत पोचू नये, अशी रचना कशामुळे झाली?

या प्रश्नाचे अलीकडच्या काळातील एक ठळक उदाहरण अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेचे आहे. १८५२ साली स्थापन झालेली ही जुनी, नामांकित संस्था. प्रत्येक ग्राहक-कुटुंबाला बँकेच्या निदान आठ सेवा विकल्या जाव्यात, असे ध्येय तिच्या वरिष्ठांनी ठरविले. बचत खाते असेल त्याला कार्ड, कार्ड असेल त्याला कर्ज, असा तो क्रम होता. शाखांतील कर्मचाऱ्यांना रोजची उद्दिष्टे नेमून दिली गेली आणि ती पुरी झाली की नाही याची वरून सतत विचारणा होऊ लागली. खऱ्या ग्राहकांकडून इतकी मागणी येणे शक्य नव्हते. तेव्हा कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत त्यांच्या नावाने खाती उघडली आणि न मागितलेली कार्डे काढली.

२०१३ साली लॉस एंजेलिसमधील एका वृत्तपत्राने या दडपणाला वाचा फोडली. २०१६ च्या सप्टेंबरात बँकेला एकूण साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. तोवरच्या पाच वर्षांत बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना या कारणास्तव कामावरून काढले होते. पुढील तपासणीत संशयास्पद खात्यांची संख्या ३५ लाखांपर्यंत गेली. २०२० मध्ये बँकेला आणखी ३०० कोटी डॉलर मोजावे लागले, आणि २०१६ मध्येच पायउतार झालेले तिचे प्रमुख जॉन स्टम्फ यांना बँकिंग व्यवसायात पुन्हा पाऊल ठेवण्यास आजन्म बंदी झाली.

विशेष म्हणजे या बँकेत नीतिनियमांची वाण नव्हती. मूल्यांची छापील पुस्तिका होती, प्रशिक्षण होते, गैरप्रकार कळविण्यासाठी स्वतंत्र दूरध्वनीही होता. त्या दूरध्वनीवर तक्रार केल्यानंतर आपल्यालाच काढून टाकण्यात आले, असे काही कर्मचाऱ्यांनी नंतर सांगितले. गैरव्यवहार कळविणाऱ्या एका व्यवस्थापकाला पुन्हा कामावर घ्यावे, असा आदेश २०१७ मध्ये अमेरिकी कामगार विभागाला द्यावा लागला. पुस्तिका एक सांगत होती आणि रोजची विचारणा दुसरेच सांगत होती. ज्यांची चूल पगारावर पेटत होती त्यांनी विचारणेचे ऐकले. शिक्षा प्रथम झाली ती ‘कृत’ दोषाला. ‘कारित’ दोषाचा हिशेब व्हायला पुढे कित्येक वर्षे लागली.

व्यवहारातील हा धोका जुन्या आचार्यांनी ओळखला होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे, खोटी मापे वापरणे आणि नकली किंवा भेसळीचा माल अस्सल म्हणून देणे हे त्यांपैकी चार. या चौघांच्या आधी, अगदी पहिल्या स्थानी, येतो तो ‘स्तेनप्रयोग’, म्हणजे दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे. त्याच अध्यायात अहिंसाव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन शब्द आहेत. शक्तीबाहेर ओझे लादणे आणि आश्रिताचे खाणेपिणे अडविणे, असा त्यांचा अर्थ. हे शब्द गाई-बैलांच्या संदर्भात समजावले जात. आजच्या पेढीत ते अशक्य उद्दिष्टाला, जेवणाच्या सुटीत वाजणाऱ्या फोनला आणि दहा तारखेनंतर होणाऱ्या पगारालाही लागू पडतात. ज्याच्या घरी पगार वेळेवर पोचत नाही, त्या नोकराकडून गल्ल्याच्या चोख हिशेबाची अपेक्षा धरणे म्हणजे त्याला मोहाच्या तोंडी देणे होय.

पेढीचे वळण घडते ते मोठ्या भाषणांनी नव्हे. ते लहान लहान सवयींतून घडत जाते. दुकान बंद होताना मालक पहिला प्रश्न कोणता विचारतात, याकडे सर्व नोकरमाणसांचे लक्ष असते. रोज ‘‘आज किती झाले?’’ एवढेच विचारले जात असेल, तर ‘कसे झाले’ हा विषय हळूहळू दुकानातून नाहीसा होतो. एखाद्या विक्रेत्याने एका महिन्यात दुप्पट धंदा आणला, तर शाबासकीपूर्वी तो कसा आणला हे शांतपणे समजून घेणे हे मालकाचे काम आहे. तो अरेरावी करतो, ग्राहकाला अर्धेच सांगतो, हे ठाऊक असूनही ‘‘माणूस कामाचा आहे, सांभाळून घ्या’’ असे म्हटले गेले, की तेथे अनुमोदना झाली. उरलेल्या नऊ जणांना त्याच क्षणी या घरची नीती कळते.

मिठाईच्या दुकानातील खोक्याचेच उदाहरण घ्यावे. वैध मापनाच्या नियमांनुसार ग्राहकाला मिळावयाचे ते निव्वळ मालाचे वजन. खोके मालाच्या भावाने विकता येत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून त्याचे प्रमाणपत्र ग्राहकाला दिसेल असे लावावे लागते. प्रमाणपत्र भिंतीवर झळकत असते आणि खाली नवा मुलगा खोक्यासकट वजन करायला शिकत असतो. त्याला तसे कोणी तोंडाने सांगितलेलेही नसते. शेजारच्या जुन्या नोकराला करताना त्याने पाहिलेले असते आणि मालकांनी त्यास कधी हटकल्याचे पाहिलेले नसते. त्याचा पहिला धडा मौनातून मिळालेला असतो.

कुटुंबाच्या पेढीत आणखी एक नाजूक जागा आहे, ती म्हणजे घरच्या मुलांची. चिरंजीव गल्ल्यातून रक्कम उचलतात आणि तिची नोंद होत नाही. पुतण्या उशिरा येतो आणि हजेरीपटावर वेळेची खूण पडते. दिवाणजी हे सारे पाहतात आणि गप्प राहतात. असा मुलगा उद्या गादीवर बसेल तेव्हा नियम सांगण्याचा अधिकार त्याला वारशात मिळेल, पण त्या सांगण्याचे वजन वारशात मिळणार नाही. म्हणून घरच्या माणसाने घेतलेले शंभर रुपयेही चिठ्ठीवर चढावेत आणि ती चिठ्ठी त्याने स्वतः लिहावी.

वाईट बातमी आणणाऱ्याचे पेढीत काय होते, हीदेखील एक खूण आहे. ‘‘शेठजी, हा माल सांगितला तसा नाही’’ असे म्हणणाऱ्या माणसाचे तोंड एकदा बंद केले, की त्याच्यामागून कोणी बोलत नाही. स्त्री-कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर ऐकून घेण्याची व्यवस्था कायद्यानेच बंधनकारक केली आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्षपदी स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत आणि एक सदस्य बाहेरचा हवा. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ‘‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत, समिती कशाला?’’ असे म्हणणाऱ्या पेढीने, घरातली सूनही कित्येकदा मनातले बोलू शकत नाही, याची आठवण ठेवावी.

संवत्सरीनंतर व्यापारी कुटुंबांतून क्षमापनेची पत्रे आणि संदेश दूरदूर जातात. आडत्यांना जातात, ग्राहकांना जातात, परदेशातील नातलगांना जातात. पलीकडच्या खोलीत बसलेल्या नोकरमाणसांशी मात्र त्या दिवशी चार शब्दही होत नाहीत. त्या दिवशी मालकांनी त्यांच्यासमवेत बसावे आणि हात जोडून एवढेच विचारावे, ‘‘गेल्या वर्षात माझ्या सांगण्यामुळे, किंवा माझ्या न सांगण्यामुळे, तुमच्या मनाला न पटणारे काय तुम्हाला करावे लागले?’’

पहिल्या वर्षी बहुधा उत्तर मिळणार नाही. सारे जण ओशाळे हसून ‘‘काही नाही, शेठजी’’ म्हणतील आणि कामाला लागतील. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारावे. मधल्या काळात बोललेल्या कोणाचे नुकसान झाले नाही, पगार वेळेवर झाले, चिरंजीवांच्या नावाची चिठ्ठीही वहीत दिसली, तर एखाद्या वर्षी वीस वर्षे त्याच खुर्चीवर बसलेले दिवाणजी घसा खाकरून बोलू लागतील. त्यांचे बोलणे मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, आणि जे दुरुस्त करता येईल ते त्याच आठवड्यात दुरुस्त करावे.