लांबचा रस्ता लवकर पोचतो

पोरगा किंवा पोरगी कॅलिफोर्नियात, असं घर श्रीरामपुरात आता नवलाचं राहिलेलं नाही. दिवाळीला पाहुणे यायचे असले की शेजारी हटकून विचारतात, "किती तास लागतात हो?" घरातले सांगतात, "सोळा." नेमके कुठून कुठे, ते कुणी विचारत नाही.

अंतराचं एक बरं असतं, ते बदलत नाही. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ मोजलं तर साडेतेरा हजार किलोमीटर. पण हे 'सरळ' शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर दिसत नाही. त्यासाठी पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन्ही गावांवर सुतळी ताणून धरावी. सुतळी अरबस्तान-युरोपकडे न वळता मध्य आशिया, सायबेरिया करत थेट आर्क्टिकच्या बर्फावर चढते.

वेळ मात्र वाऱ्याच्या हातात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. सायकलवरून नेवासा रोडला समोरचं वारं खाल्लेल्या माणसाला ते वेगळं समजावायला नको. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळी वारा पाठीशी आला आणि ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत उतरलं. एरवी याच प्रवासाला सहा-सात तास लागतात.

एअर इंडियानं तर हा हिशेब मुद्दाम मांडून पाहिला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ घटून साडेचौदा तासांवर आला! चौदाशे किलोमीटरचा वळसा घालून माणूस लवकर पोचला. भागाकार केला तर ताशी हजार किलोमीटरच्या वर वेग पडतो. त्यातला बराचसा वाऱ्यानं फुकट दिलेला. गंमत पुढेच आहे. रविवारी पहाटे दिल्लीहून उडालेलं ते विमान वाररेषा ओलांडताना शनिवारात शिरलं आणि उतरलं पुन्हा रविवारीच सकाळी. पंचांग घेऊन बसलेल्या आजोबांनी कोणती तिथी धरावी?

वारा नसला तर राजकारण असतंच. एखाद्या देशानं आपलं आकाश बंद केलं की वळसा पडतो. तो वळसा मात्र वेळ खातो.

आता राहिलं श्रीरामपूर. काकडी गावचा शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ला सुरू झाला, तो इथून तासाभरावर. पण अमेरिकेचं विमान तिथून मिळत नाही. त्यामुळे गाडी मुंबईकडेच. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, पाच-सहा तास. समृद्धी महामार्गानं थोडा दिलासा दिला, तरी मुंबईच्या तोंडाशी तो दिलासा संपतो. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं, ते वेगळंच. म्हणजे विमान हलायच्या आधीच आठ-नऊ तास गेले. एवढ्या वेळात न्यूयॉर्कहून लंडन गाठून चहासुद्धा होतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तास विचारले, तर घराच्या उंबरठ्यापासून मोजून सांगा. आणि घाटात, भिवंडीत अडकायचे दोन तास त्यात धरा.