दोन इंची अध्यात्म

पाईप जेवढा जाड तेवढी गाडी पळते, असं मानणारा एक संप्रदाय आपल्याकडे सुखानं नांदतो. त्याचे मठ गॅरेजांत भरतात आणि मठाधिपतींना ट्यूनर म्हणतात. एखादं हौशी पोरगं जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन खोलतं, हेड पोर्ट करून घेतं, कॅम बदलतं, पिस्टन मागवतं. कानशीचा प्रत्येक फटका मोजून मारलेला! मग एक्झॉस्टचा बेंड पाईप केवढा घ्यायचा, हा प्रश्न ते गुरुचरणी ठेवतं. गुरू जुन्या पाईपच्या तोंडात अंगठा घालतात, क्षणभर डोळे मिटतात आणि उच्चारतात, "दोन इंची टाक. इंजिनाला श्वास घेऊ दे."

अहो, श्वास ते कार्बोरेटरच्या बाजूनं घेतं! पण ते असो.

खरी मौज पुढच्या आठवड्यात. दोन इंची पाईप बसतो, गाडी खालच्या आरपीएमला मरगळते, चढावर धापा टाकते. पोरगं परत येतं. गुरू गंभीर होतात. "बॅक प्रेशर गेला रे." आणि पाईपच्या आत एक वॉशर वेल्ड करून देतात. म्हणजे अडथळा नको म्हणून पाईप रुंद केला, त्याचे पैसे घेतले. आणि अडथळा हवा म्हणून आत वॉशर टाकला, त्याचेही घेतले. अडथळा हाच दोष आणि अडथळा हीच सिद्धी! शंकराचार्यांनाही असं अद्वैत सुचलं नसतं.

बॅक प्रेशर हवा असलेलं इंजिन अजून जन्मलेलं नाही. गेला तो वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट तापलेल्या वायूतून सेकंदाला पाचशे-सहाशे मीटरनं सुटते. पाईप जिथं एकदम रुंद होतो किंवा संपतो, तिथून ती उलटी फिरते, आणि येताना दाबाऐवजी ओढ घेऊन येते. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात त्या घटकेला ती ओढ पोचली, तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि त्यामागून ताजं मिश्रण आत येतं. वेळ चुकली, की ती मदत गेली. लाट केव्हा परतायची ते लांबी ठरवते, वायू किती जोरात वाहायचा ते व्यास ठरवतो. अंगठ्याचा यात कुठेच संबंध येत नाही, हे सुज्ञांच्या ध्यानात आलंच असेल.

ग्रॅहॅम बेल यांच्या 'फोर स्ट्रोक परफॉर्मन्स ट्यूनिंग'मध्ये याचं सरळ गणित दिलेलं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनच्या तळबिंदूच्या किती अंश आधी उघडतो, ते 180 मध्ये मिळवा, 850 नं गुणा, आरपीएमनं भागा, 3 वजा करा: लांबी इंचांत हातात. बुलेटचे 346 सीसी, कॅम 60 अंश आधी उघडणारा, जोर 5000 ला हवा. उत्तर सुमारे 38 इंच. आता सीसीला, लांबीत 3 मिळवून त्याच्या 25 पटीनं भागा, वर्गमूळ काढा, 2.1 नं गुणा: आतला व्यास सव्वा इंचाच्या आसपास, म्हणजे 31 मिमी. गुरूंचा पाईप आतून खरोखर दोन इंची असेल तर क्षेत्रफळ पावणेतीन पटींच्या घरात जातं आणि वायूचा वेग त्याच हिशोबानं कोसळतो. मरगळ आली ती इथून.

"पण केटीएमचा पाईप बघा की केवढा जाड!" बघितला. चाकणला बनलेल्या जुन्या पिढीच्या 390 चं इंजिन 373 सीसीचं, म्हणजे बुलेटच्या जेमतेम पुढे. पण बुलेटचा स्ट्रोक 90 मिमी, हिचा 60, आणि हिचा जोर 9000 च्या आसपास. तोच 60 अंशांचा कॅम धरून तेच गणित मांडा: लांबी 20 इंचांच्या आत, व्यास 43 मिमी. सीसी जवळजवळ तेच, पण पाईप निम्म्या लांबीचा आणि चांगलाच जाड. तरी दोन इंच तिथेही झाले नाहीत! रेसमध्ये जाड पाईप दिसतो, कारण तिथली इंजिनं वर किंचाळतात. तुम्ही खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर ट्रकमागे रांगता.

गणित म्हणजे वेदवाक्य नव्हे, हेही मान्य. पाईप हिशोबापेक्षा दोन इंच लांब ठेवावा आणि ताकद मोजणाऱ्या डायनोवर थोडा थोडा कापत जावा. पोर्टच्या तोंडापेक्षा तो किंचित मोठा चालेल, लहान असून उपयोग नाही. वेल्डिंगचा गोळा आत लोंबता कामा नये. पण मठात प्रेसवर पाईप असा वाकवतात की वळणावर तो चेपून भाकरीसारखा चपटा होतो. दोन इंचांचं माहात्म्य सांगायचं आणि कोपऱ्यावर स्वतःच त्याचा गळा आवळायचा! निदान पाईपमध्ये वाळू ठासून, तापवून वाकवा, ही युक्ती आपल्या जुन्या मिस्त्रींनाही ठाऊक होती.

तरीही धंदा जोरात आहे, कारण गिऱ्हाइकाला ताकद नको, आवाज हवा असतो. सायलेन्सरमधली पुंगळी काढली, आख्खी गल्ली जागी झाली, दोन म्हाताऱ्यांनी शिव्या घातल्या की पॉवर वाढल्याचा दाखला मिळाला. गॅस सोडल्यावर फटाके वाजतात, तर ते 'रेसिंग'! मिश्रण पातळ झालंय, जेट बदलायला हवा, जोडातून हवा शिरतेय का बघायला हवं, हे कोण सांगणार? मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मध्येच आडवं येतं आणि पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर चौकात रोड रोलर फिरवतात. लगेच पोरगं नवा पाईप घ्यायला मठात हजर. या खेपेला गुरू म्हणतात, अडीच इंची टाकून बघू.