वेबसाइट बनवायचीय? मग ही सॉफ्टवेअर्स कॉम्प्युटरवरून काढून टाका

गेल्या उन्हाळ्यात पनवेलमधल्या एका छोट्या वाचनालयाच्या चाचांनी मला बोलावलं. त्यांची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवायची होती. "बेटा, सर होते तोवर सगळं दिसायचं, आता नुसती इंग्लिश अक्षरं दिसतात," असं त्यांचं म्हणणं होतं. सर म्हणजे एक निवृत्त शिक्षक. वस्तीतल्या वयस्कर लोकांच्या आठवणी, जुन्या देणगीदारांच्या याद्या, शिष्यवृत्तीची माहिती हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं एकट्याने टाइप केलं होतं. सर आता हयात नाहीत.

मी हार्ड डिस्क घरी आणली आणि पुढचे दोन रविवार त्यातच गेले. तिथे जे पाहिलं, त्यावरून तुम्हाला काही सांगायचंय. कारण आपल्यातल्या कुणाला ना कुणाला जमातीची, शाळेची, संस्थेची वेबसाइट 'जरा बघून दे' म्हणून आज ना उद्या सांगितलं जातंच, आणि तेव्हा आपण हाताशी असेल ते सॉफ्टवेअर उघडतो.

निम्मी पानं फ्रंटपेजमध्ये केलेली होती. आम्हालाही शाळेत असताना कॉम्प्युटर क्लासमध्ये हेच शिकवायचे आणि तेव्हा ते जादूसारखं वाटायचं. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये व्हर्मिअर टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर फ्रंटपेज आलं. शेवटची आवृत्ती २००३ ची. २००६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ते बंदच केलं. बंद झालेलं सॉफ्टवेअर चालू राहतं, हाच त्यातला धोका आहे. त्यातला हिट काउंटर, फॉर्म, शोधाची चौकट हे सगळं सर्व्हरवर फ्रंटपेजची खास एक्स्टेन्शन्स असतील तरच चालायचं. आजचे सर्व्हर ती ठेवत नाहीत. त्यामुळे सरांनी केलेला 'पुस्तक मागणी अर्ज' पानावर दिसत होता, पण तो भरून बटण दाबलं की अर्ज कुठेच जात नव्हता. किती मुलांनी तो भरून उत्तराची वाट पाहिली असेल, देव जाणे.

काही पानं वर्डमधून 'सेव्ह अ‍ॅज वेब पेज' करून टाकलेली. ही सवय अजूनही जिवंत आहे, म्हणून स्पष्टच सांगते: वर्ड पत्र लिहायला उत्तम, वेबपान बनवायला नको. दोन ओळींची सूचना तशी सेव्ह करून नोटपॅडमध्ये उघडून बघा. तुमच्या दोन ओळी शोधायला खाली बरंच स्क्रोल करावं लागेल. वरचा पसारा वर्डने स्वतःसाठी ठेवलेल्या शैलींचा असतो. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, तो फोल्डर अपलोड करायचा राहतो आणि पानावर रिकामी चौकट येते. एका पानावर तर फोटोचा पत्ता थेट सरांच्या सी ड्राइव्हचा होता. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो दिसायचा, जगात इतर कुठेही नाही.

पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. खरी अडचण फॉन्टची.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावं आई-वडिलांच्या पिढीतल्या टाइपिस्टला विचारा, डोळे चमकतील. छपाईसाठी या मंडळींनी मोठं काम केलं, त्यात वाद नाही. पण जुने कृतिदेवसारखे फॉन्ट मराठी अक्षर साठवतच नाहीत. ते इंग्रजी अक्षरावर मराठीचं चित्र चढवतात. कृतिदेवमध्ये 'पनवेल' लिहिलं की फाइलमध्ये साठतं ते 'आय, यू, ओ, एस, वाय'. फॉन्ट असेल तर पनवेल दिसतं, नसेल तर ती पाच इंग्रजी अक्षरं. गुगलवर कुणी 'पनवेल' शोधलं तर हे पान येत नाही. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तिथे इंग्रजी अक्षरं वाचतो. मोबाइलवर तर प्रश्नच मिटला.

आणि हे टाळता येत नव्हतं असंही नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह हिंदी-मराठीची सोय आली. मराठी विकिपीडिया २००३ पासून युनिकोडमध्ये चालू आहे. तरी आपल्याकडच्या संस्था पुढे अनेक वर्षं डीटीपीवाल्याच्या फॉन्टमध्येच वेबसाइट करत राहिल्या, कारण पत्रिका आणि वेबसाइट दोन्ही त्याच दुकानातून यायच्या.

उर्दूचंही तेच झालं. ज्यांच्या घरी उर्दू माध्यमात शिकलेलं कुणी आहे, त्यांना इनपेज माहीत असेल. नस्तालीक छापायला त्याच्या तोडीचं काही नव्हतं. पण जुन्या इनपेजमधला मजकूर वेबवर टाकायचा म्हणजे पानाचं चित्र करून टाकायचं. उर्दू वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर बातम्या कितीतरी वर्षं अशा चित्ररूपातच होत्या. वाचता येतात, शोधता येत नाहीत. आज आपण शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेचा जेपीजी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो, तेव्हा नेमकं हेच करत असतो.

कृतिदेवची पानं मी कन्व्हर्टरमधून काढली. ऱ्हस्व वेलांटी त्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे ती भलतीकडे जाऊन बसते. रफाराचाही तोच गोंधळ. हाताने तपासत बसावं लागलं. पण मजकूर परत आला.

एक पान आलं नाही. सरांनी नंतर युनिकोड शिकून घेतलं होतं, आणि सहा बायकांच्या मुलाखती त्यांनी त्यातच टाइप केल्या होत्या. आखाताला, आफ्रिकेला गेलेल्या माणसांच्या घरी मागे राहिलेल्या या बायका. पुढे कुणीतरी तो मजकूर नोटपॅडच्या नव्या फाइलमध्ये चिकटवला आणि सेव्ह केला. विंडोजचं जुनं नोटपॅड आपणहून 'अ‍ॅन्सी' पद्धतीने सेव्ह करायचं. त्यात देवनागरी बसत नाही. ते एक इंग्रजी सूचना दाखवायचं, आपण 'ओके' दाबायचो आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह यायचं. नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करू लागलं ते २०१९ च्या विंडोज अपडेटपासून. त्या पानावर आज ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं आहेत. मध्ये मोकळ्या जागा, पूर्णविराम आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलेली काही सालं तेवढी शिल्लक. शब्द किती लांब होता ते कळतं, कोणता होता ते नाही. वेबॅक मशीनवर शोधलं, तिथे फक्त मुखपृष्ठ सापडलं.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आम्ही ड्रीमवीव्हर वापरतो. ड्रीमवीव्हर वाईट नाही. अडोबीला पैसे भरून वापरत असाल तर खुशाल वापरा. पण आपल्या वस्तीत ते कसं येतं हे मलाही ठाऊक आहे: मित्राच्या पेन ड्राइव्हमधून, 'क्रॅक' सकट, 'आधी अँटीव्हायरस बंद करा' या सूचनेसकट. चोरीचा प्रश्न आहेच, पण तो क्षणभर बाजूला ठेवू. अँटीव्हायरस का बंद करायला सांगतात, याचा विचार करा. २००९ मध्ये गंबलार नावाच्या मालवेअरने कॉम्प्युटरमधले एफटीपी पासवर्ड चोरून हजारो वेबसाइट बिघडवल्या होत्या. ज्या मशीनवर संस्थेच्या वेबसाइटचा पासवर्ड आणि देणगीदारांचे फोन नंबर आहेत, तिथे असलं काही नको.

कोम्पोझर फुकट आहे म्हणून अजून कुणी कुणी सुचवतं. त्याची शेवटची आवृत्ती २०१० ची. मोबाइलवर नीट बसणारं पान त्यातून निघायचं नाही. अडोबी म्यूज तर आणखी नवं, तरी २०२० मध्ये त्याचाही आधार संपला, आणि त्याची मूळ फाइल दुसरं कुठलं सॉफ्टवेअर उघडत नाही. माझी कसोटी हीच आहे: सॉफ्टवेअर उद्या नाहीसं झालं तर माझं पान मला उघडून वाचता आणि बदलता येईल का?

नोटपॅड++ किंवा व्हीएस कोड घ्या. दोन्ही फुकट, दोन्ही कायदेशीर. एचटीएमएलचे पंधरा-वीस टॅग आठवड्यात येतात, बी.कॉम. करणाऱ्या माझ्या मावसबहिणीला चार संध्याकाळी पुरल्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे का ते पाहा, पानाच्या सुरुवातीला तसं लिहा, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा.

सहापैकी दोन आजी अजून आहेत. एक तळोज्याला मुलाकडे राहते, दुसरीला आता नीट ऐकू येत नाही. तळोज्याच्या आजींकडे मी आणि मावसबहीण येत्या रविवारी जाणार आहोत. सरांनी काय काय विचारलं होतं, ते त्यांना आठवतंय असं त्या म्हणाल्या.