विश्लेषण : एका स्क्रूमुळे कंटेनर अडू शकतो? घातक पदार्थांचे नियम आणि पुणे जिल्ह्यातील लघुउद्योग

अष्टविनायक यात्रेत मोरगाव पहिले आणि रांजणगाव आठवे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आज एलजी, हायर, व्हर्लपूल या कंपन्यांचे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनचे कारखाने आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने तेथेच टप्पा तीनमध्ये २९७ एकरांवर ४९२ कोटींहून अधिक खर्चाच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला मंजुरी दिली. मोरगावच्या एका अंगाला जेजुरीची, तर दुसऱ्या अंगाला बारामतीची एमआयडीसी आहे. स्क्रू, पट्ट्या, वायरचे हार्नेस, प्लास्टिकचे मोल्डिंग, प्लेटिंग अशी कामे करणाऱ्या अशा वसाहतींतील लघुउद्योगांना या साखळीत शिरण्याची संधी आहे. त्यासाठी दर आणि दर्जा यांच्या जोडीला आता आणखी एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागते : तुमच्या मालात शिसे, कॅडमियम किंवा इतर घातक पदार्थ नाहीत, हे कागदावर दाखवता येईल का?

नियम नेमका काय आहे?

इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा नियम जगभर ‘रोहस’ या नावाने ओळखला जातो. युरोपीय संघात तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. शिसे, पारा, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि प्लास्टिक पेटू नये म्हणून वापरली जाणारी पीबीबी व पीबीडीई ही दोन ब्रोमिनयुक्त रसायने यांचे प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. कॅडमियमसाठी ही मर्यादा दहापट कडक, म्हणजे ०.०१ टक्का आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर एक किलो पदार्थात शिसे एक ग्रॅमपर्यंत आणि कॅडमियम ०.१ ग्रॅमपर्यंतच चालते.

यामागचे कारण घरातल्या वापरापेक्षा भंगारात अधिक आहे. जुना टीव्ही किंवा चार्जर भंगारात गेला की तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळली जाते आणि सर्किट बोर्ड तापवून सुटे भाग काढले जातात. त्यातून निघणारे शिसे व कॅडमियम धुरातून, राखेतून माती-पाण्यात जाते. शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला असतो. घातक पदार्थ वस्तूत मुळातच घातला नाही, तर तो पुढे बाहेरही पडत नाही, एवढा साधा विचार या नियमामागे आहे.

भारतात हा नियम कधीपासून?

भारतात ही तरतूद २०११ च्या ई-कचरा नियमांत आली आणि १ मे २०१४ पासून लागू झाली. पुढे २०१६ मध्ये नवे नियम आले. सध्याचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. या वस्तूंचे सुटे भाग, उपभोग्य साहित्य आणि स्पेअर यांनाही घातक पदार्थांची मर्यादा लागू आहे. उत्पादक कंपनीने वस्तूसोबतच्या माहितीपुस्तिकेत घटकांचा तपशील आणि नियमपालनाची घोषणा द्यायची असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बाजारातून नमुने उचलून तपासू शकते. नमुना नापास झाला तर कंपनीला दुरुस्तीचे उपाय करून माल बाजारातून परत घ्यावा लागतो.

लहान कारखान्यांना सूट आहे, मग काळजी कशाची?

सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत, ही गोष्ट खरी आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. एमआयडीसीतील अनेक प्लेटिंग आणि हार्नेसची युनिट या व्याख्येत बसतील. पण ही सूट कायद्यापुरती आहे. त्यांचा माल जिच्या फ्रिजमध्ये बसतो, त्या मोठ्या कंपनीला सूट नाही. त्यामुळे ती खरेदीच्या करारातून तीच अट खाली ढकलते. सरकारी निरीक्षक दारात कधी येणार नाही, पण ग्राहक कंपनीचा ऑडिटर येईल. सरकारी नोटिशीला उत्तर देण्यासाठी मुदत तरी मिळते. ऑर्डर मात्र दुसऱ्या वेंडरकडे वळवायला एक ई-मेल पुरतो.

एका वायरने काय होऊ शकते?

डिसेंबर २००१ मध्ये, म्हणजे रोहस लागू होण्याच्याही आधी, नेदरलँड्समध्ये सोनीचे सुमारे १३ लाख प्लेस्टेशन गेम कन्सोल नाताळच्या तोंडावर अडवण्यात आले. दोष मुख्य यंत्रात नव्हता. जोडलेल्या केबलमध्ये त्या देशाच्या मर्यादेपेक्षा जास्त कॅडमियम आढळले होते. केबल बदलून माल पुन्हा विक्रीस काढण्यासाठी कंपनीला मोठा खर्च आला. त्यानंतर सोनीने पुरवठादारांची पर्यावरणीय तपासणी सुरू केली आणि पुढे इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. आज लहान वेंडरच्या टेबलावर येणाऱ्या लांबलचक प्रश्नावल्यांचे मूळ अशा प्रसंगांत आहे.

०.१ टक्का कशाच्या वजनावर मोजायचा?

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. मर्यादा संपूर्ण फ्रिजच्या किंवा संपूर्ण वायरच्या वजनावर मोजली जात नाही. जो भाग यंत्राने आणखी वेगळा करता येत नाही, अशा प्रत्येक एकजिनसी पदार्थावर ती मोजतात. वायरीत तांबे वेगळे, त्यावरचा कथलाचा थर वेगळा, पीव्हीसीचे आवरण वेगळे आणि त्यावर छापलेली शाईही वेगळी. स्क्रूमध्ये पोलाद वेगळे आणि त्यावरचा काही मायक्रॉनचा थर वेगळा. म्हणून ‘एवढ्याशा स्क्रूत किती असणार’ हा युक्तिवाद टिकत नाही.

चूक प्रत्यक्षात कुठे होते?

पहिली जागा सोल्डरची. पूर्वी डाग देण्यासाठी ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असे मिश्रण सर्रास वापरले जाई. कथील-शिशाचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. शिसेविरहित मिश्रणात कथील, थोडी चांदी आणि तांबे असते. ते सुमारे २१७ अंशांना वितळते. दोन्ही प्रकारचे काम एकाच छताखाली चालत असेल तर धोका वाढतो. समजा, १०० किलो शिसेविरहित सोल्डरच्या भांड्यात कामगाराने चुकून जुन्या मिश्रणाची ३०० ग्रॅमची कांडी टाकली. तिच्यात १२० ग्रॅम शिसे असते. भांड्यातील प्रमाण जवळपास ०.१२ टक्के होते आणि त्यानंतर त्यातून निघालेला प्रत्येक बोर्ड नियमाबाहेर जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही.

दुसरी जागा प्लेटिंगची. झिंक प्लेटिंगनंतर दिल्या जाणाऱ्या पारंपरिक पिवळ्या पॅसिवेशनमध्ये हेक्साव्हॅलंट क्रोमियम असते. त्याला ट्रायव्हॅलंट क्रोमियमचा पर्याय उपलब्ध आहे. रंगावरून मात्र निर्णय घेता येत नाही, कारण ट्रायव्हॅलंट पद्धतीतही पिवळा रंग मिळतो. जॉबवर्कला माल पाठवताना चलनावर फक्त ‘झिंक प्लेटिंग’ लिहिले असेल तर प्लेटिंगवाला आपल्या टाकीत जे आहे तेच देतो.

तिसरी जागा प्लास्टिकची. पीव्हीसीला लवचीक करण्यासाठी वापरले जाणारे डीईएचपी हे रसायन बाजारात अनेकदा डीओपी या नावाने विकले जाते. युरोपच्या यादीत पहिले नाव, पिंपावर दुसरे, त्यामुळे खरेदी करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. स्वस्त पुनर्वापरित काळ्या प्लास्टिकमध्ये जुन्या टीव्हीच्या खोक्यांतील ब्रोमिनयुक्त रसायने उतरलेली असू शकतात. लाल-पिवळ्या रंगद्रव्यांत कॅडमियम असू शकते.

युरोपचा नियम भारतापेक्षा वेगळा कसा?

भारताच्या यादीत सहा पदार्थ आहेत, युरोपच्या यादीत दहा. डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी या चार थॅलेटवर युरोपात बहुतांश वस्तूंसाठी २२ जुलै २०१९ पासून मर्यादा आहे. त्यामुळे भारतीय नियमाप्रमाणे उत्तीर्ण झालेली वायर युरोपला जाणाऱ्या वस्तूत चालेलच असे नाही. थॅलेटची आणखी एक अडचण म्हणजे ती स्पर्शानेही पसरतात. मऊ पीव्हीसीच्या ट्रेमध्ये किंवा पट्ट्यावर दीर्घकाळ ठेवलेल्या स्वच्छ भागातही ती उतरू शकतात.

सवलतींचेही तसेच. कापायला सोपे जावे म्हणून पितळात शिसे मिसळतात. तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत, पोलादात ०.३५ आणि ॲल्युमिनियममध्ये ०.४ टक्क्यांपर्यंत शिशाला सूट आहे. मात्र युरोपात अशा सवलतींना मुदत असते आणि त्यांचा वेळोवेळी फेरविचार होतो. शिवाय ‘रीच’ या दुसऱ्या युरोपीय कायद्याच्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत जून २०१८ मध्ये शिशाचा समावेश झाला. म्हणजे पितळी टर्मिनलला रोहसमध्ये सूट असली तरी ०.१ टक्क्यापेक्षा जास्त शिसे असल्याची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. सूट आहे याचा अर्थ सांगायची गरज नाही, असा होत नाही.

वाहनांसाठी वेगळे नियम आहेत. बारामतीत पियाजिओचा तीनचाकींचा कारखाना आहे. वाहन उद्योगासाठी युरोपने २००० मध्येच स्वतंत्र निर्देश काढून शिसे, पारा, कॅडमियम आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियमवर बंधने आणली. त्यामुळे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना ही भाषा नवी नाही. तीच शिस्त इलेक्ट्रॉनिक्सकडे वळताना उपयोगी पडते.

तपासणी कशी होते?

पहिली चाळणी एक्सआरएफ यंत्राने होते. सराफाकडे सोन्याचा कस मोजणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. काही सेकंदांत शिसे, पारा, कॅडमियम, एकूण क्रोमियम आणि एकूण ब्रोमिन कळते. पण क्रोमियम हेक्साव्हॅलंट आहे की ट्रायव्हॅलंट, किंवा ब्रोमिन बंदी असलेल्या रसायनातले आहे की दुसऱ्या, हे ते सांगू शकत नाही. थॅलेट त्याला दिसतच नाहीत. त्यासाठी आयईसी ६२३२१ या मानकांप्रमाणे प्रयोगशाळेत रासायनिक चाचणी लागते. केंद्र सरकारची सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्स साहित्यावर संशोधन करणारी संस्था पुण्यात आहे. तिच्या हैदराबाद केंद्रात रोहस चाचणीची सोय आहे. अनेक खासगी प्रयोगशाळाही हे काम करतात.

लहान उद्योगाने तयारी कुठून करावी?

प्रत्येक भागाची प्रत्येक चाचणी करणे कोणालाच परवडणारे नाही आणि नियमाचीही तशी अपेक्षा नाही. आयईसी ६३००० हे मानक जोखीम पाहून कागद गोळा करायला सांगते. वर्कशॉपच्या पातळीवर त्याचा अर्थ असा :

- आपण वापरतो त्या प्रत्येक कच्च्या मालाची एक यादी करा : धातू, प्लास्टिक, शाई, गोंद, सोल्डर, प्लेटिंग. पुरवठादाराचे नाव आणि ग्रेड समोर लिहा.
- जोखमीनुसार क्रम लावा. मऊ पीव्हीसी, पुनर्वापरित प्लास्टिक, पिवळे प्लेटिंग, सोल्डर आणि रंगद्रव्ये वरच्या क्रमांकावर ठेवा. चाचणीचा पैसा तेथे खर्च करा.
- खरेदी आदेशावर आणि जॉबवर्कच्या चलनावर अट स्पष्ट लिहा. ‘झिंक प्लेटिंग’ऐवजी ‘झिंक प्लेटिंग, ट्रायव्हॅलंट पॅसिवेशन’.
- शिसेयुक्त आणि शिसेविरहित कामाची टेबले, सोल्डरिंग गन, कांड्या आणि डबे वेगळे ठेवा. रंगीत पट्टीने खूण करा.
- इनवर्डपासून डिस्पॅचपर्यंत लॉट नंबर तुटू देऊ नका. चूक सापडली तर एक लॉट परत येईल की सहा महिन्यांचा माल, हे त्यावरच ठरते.
- चाचणी अहवाल कोणत्या पदार्थाचा, कोणत्या लॉटचा आणि कोणत्या तारखेचा आहे हे पाहा. दुसऱ्याच ग्रेडचा जुना अहवाल जोडून दिला तर ऑडिटमध्ये तो टिकत नाही.

युरोपात माल विकणाऱ्या उत्पादकाला तांत्रिक कागदपत्रे दहा वर्षे जपावी लागतात. तेव्हा वेंडरनेही फाइल त्याच हिशेबाने ठेवलेली बरी.

मग खर्च कोणी सोसायचा?

कळीचा प्रश्न हाच आहे. खरेदीदार कंपनी अनेकदा लेटरहेडवर एक हमीपत्र मागते आणि लहान उद्योजक ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून सही करून देतो. पदार्थ तपासलेला नसतो, सहीने मात्र सगळी जबाबदारी अंगावर येते. उद्या माल परत आला तर भरपाई त्याच कागदावरून मागितली जाते. प्लेटिंगची टाकी बदलणे, शिसेविरहित सोल्डरसाठी यंत्राचे तापमान वाढवणे, चाचण्या करणे, यासाठी लागणारे पैसे भागाच्या दरात मात्र धरलेले नसतात.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. भाग आयात होत होते तेव्हा त्यातील पदार्थांचा हिशेब परदेशी पुरवठादार देत होता. भाग येथे बनू लागले की तो हिशेबही येथेच द्यावा लागेल. अशा वेळी औद्योगिक वसाहतींत सामाईक एक्सआरएफ तपासणीची सोय झाली, खरेदीदारांनी एकाच नमुन्याची प्रश्नावली वापरली आणि चाचणीचा खर्च दरात मान्य केला, तर नियम पाळणारा लहान उद्योग टिकेल. अन्यथा नियम कागदावर पाळला जाईल आणि शिसे मालातच राहील.

तोपर्यंत उद्योजकाच्या हातात एक गोष्ट आहे. हमीपत्रावर सही करण्याआधी आपल्या पुरवठादाराकडून तीच हमी आणि तिच्यामागचा अहवाल लेखी मागून घ्यावा. जो पुरवठादार तो देत नाही, त्याचा माल सर्वांत आधी तपासायला हवा.